मुकट्याची चप्पल

कामठीचे एक शेठ माझ्या खोलीत एका पायात चप्पल घालून आले. दुसरा पाय अनवाणी. मे महिना, दुपारचे बारा. आणि नागपूरचा मे म्हणजे डांबरावर पापड टाकला तर दोन्ही बाजूंनी भाजून निघतो, उलटवावाही लागत नाही. मी म्हटलं, "शेठ, दुसरी चप्पल कुठी ठेवली?"

शेठनी खाली पाहिलं. मग मागे पाहिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच उचलली. "अरे! आता तं होती गा पायात!"

होती ती कामठीच्या बसमध्ये. बसथांब्यापासून आमच्या दवाखान्यापर्यंत हा माणूस तापल्या सडकेवरून एक पाय उघडा टाकत आला होता, आणि त्या पायाने वर डोक्याला काही म्हणजे काही कळवलं नव्हतं. तळवा उलटा करून पाहिला, तर बोराएवढे फोड. मी विचारलं, "दुखून नाही राहिलं?"

"बिलकुल नाही. पाय तं माह्ये एकदम फर्स्टक्लास आहे. साखर तेवढी वाढली म्हणते डॉक्टर."

संपादकांनी मला पत्रातून बजावलं आहे की मिस्त्री, लिहा, पण फेकू नका. म्हणून आधीच कबूल करतो. पापड माझा, चप्पल शेठची. या लेखात जे खोटं वाटेल ते खरं आहे, आणि जे अगदी खरं वाटेल तिथे मी थोडं तिखटमीठ लावलं आहे असं समजून चाला.

मी बूट-मिस्त्री. एका मोठ्या धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीखाना आणि बॉयलर यांच्या मधल्या खोलीत मी सव्वीस वर्षं चपला केल्या. पहिली काही वर्षं फक्त कुष्ठरोग्यांसाठी. तेव्हा त्याला महारोग म्हणत, आणि म्हणताना दोन पावलं मागे सरकत. त्या रोगात पायाची जाणीव जाते. मग सत्तर सालाच्या सुमाराला आमचे सर्जनसाहेब एकदा खोलीत आले, स्टुलावर बसले, आणि म्हणाले, "मिस्त्री, साखरेच्या पेशंटचे पायही असेच मुके होतात. त्यांच्यासाठी करशील का?"

मी म्हटलं, "साहेब, चपलेला रोगाचं नाव कुठे वाचता येतं?"

हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं, की पुढे ते प्रत्येक भाषणात स्वतःचं म्हणून सांगत. असो.

आता धंदा समजून घ्या. तुमच्या चपलेत खडा गेला तर तुम्ही चार पावलांत थांबता, पाय झटकता, खड्याला शिवी देता. ज्याचा पाय मुका, तो त्या खड्यावरून दिवसभर चालतो. खडा नसला तरी तळव्याचं एखादं हाड पुन्हा पुन्हा त्याच जागी दाबतं. कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, तिथे घट्टा बसतो. मग तो घट्टाच खड्यासारखा आत रुततो. वरून सगळं ठणठणीत. आत मांस कुजायला लागलेलं. एक दिवस फरशीवर ओले डाग दिसतात, आणि पेशंट घरच्यांवर ओरडतो की पाणी कोणी सांडलं.

उपाय काय? साहेब घट्टा तासायचे, जखम धुवायचे, पायाला सक्त विश्रांती द्यायचे. जखम भरली की पेशंट माझ्याकडे. मी बारीक भोकांचं मऊ रबर वापरत असे, खाली टायरचा तळ, वर चामड्याचे पट्टे, मागे टाचेलाही एक, म्हणजे कामठीच्या बसमध्ये चप्पल सुटायला नको. खिळा एकही नाही. मुक्या पायाच्या चपलेत खिळा ठोकणारा मिस्त्री माझ्या मते फासावर द्यायला हरकत नाही.

माझी दोन खास हत्यारं होती. एक, कार्बन पेपर. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंकडून मी ते गोडीगुलाबीने आणायचो. कोऱ्या कागदावर कार्बन, त्यावर दुसरा कागद, त्यावर पेशंटचं पाऊल. जिथे दाब जास्त, तिथे जांभळा डाग गडद. तो डाग म्हणजे उद्याची जखम. ज्योतिषी हात बघून सांगतात, मी पाय बघून सांगायचो, आणि माझं खरं व्हायचं. याचं मला फार वाईटही वाटायचं.

दुसरं हत्यार म्हणजे केस. आम्ही चामडं शिवतो तेव्हा दोऱ्याच्या टोकाला एक राठ केस वळून लावतो. भोकातून तो सुईसारखा सरळ जातो. त्याच केसाचं टोक मी पेशंटच्या तळव्याला लावायचो. "डोळे मिटा. लागलं की हो म्हणा." जिथे 'हो' येत नाही तिथे पाय मुका. कोणी शिकवलं नव्हतं. मला नुसती चौकशीची खाज. आता हा केस कशाचा असतो ते चामड्याच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. डुकराचा. पण पेशंटने विचारलं की मी सांगायचो, "जर्मनीहून येतो."

हे ध्यानात असू द्या. पुढे माझ्या गळ्याशी येणार आहे.

धरमपेठेत एक काकू खानावळ चालवायच्या. पंचावन्नच्या आसपास वय, अंगाने बारीक, आवाज मात्र तोफेचा. कॉलेजात शिकणारी अठरा पोरं दोन वेळा त्यांच्याकडे जेवायची. खेड्यापाड्यांतले आईबाप पोरांना तिथेच पाठवत, कारण काकूंचं स्वयंपाकघर म्हणजे देवघराच्या वरताण. आंघोळीशिवाय आत पाऊल नाही, पातेल्याला हात नाही. काकूंचे यजमान नाना पोस्टातून रिटायर झालेले. बाजार आणायचा आणि काकूंच्या प्रत्येक बोलण्याला "बरोबर आहे" म्हणायचं, एवढी दोन खाती त्यांच्याकडे होती.

एके दिवशी काकू पोळ्या करून राहिल्या होत्या. नाना बाहेरून म्हणाले, "अगं, काहीतरी जळून राहिलं."

काकू म्हणाल्या, "पोळी नाही जळत माझी. शेजारी बघा."

नाना शेजारी बघून आले. वास तरीही घरातच. शेवटी खाली पाहिलं, तर शेगडीतून निखारा पडलेला, आणि काकूंचा उजवा पाय त्यावर. काकू पोळी भाजत होत्या आणि निखारा काकूंना. इथे मी तिखटमीठ लावलेलं नाही. नानांनी हे सांगताना माझ्यासमोर डोळे पुसले होते.

दीड-दोन महिने साहेबांनी तो पाय सांभाळला. खानावळ तेवढे दिवस बंद. पोरं इकडे तिकडे जेवून वाळली. जखम भरली तेव्हा साहेबांनी काकूंना माझ्या खोलीत आणलं आणि त्यांच्यादेखत मला म्हणाले, "अंगठ्याच्या मुळाशी दाब आहे. ही जागा पुन्हा फुटली तर हाडाला लागेल. मग अंगठा जाईल, आणि तिथेही थांबेल याची हमी मी देत नाही. मिस्त्री, हा पाय तुझ्याकडे."

काकू स्टुलावर बसल्या. मी केस काढला.

"हे काय आहे?"

"केस आहे, काकू. तपासायला."

"कशाचा?"

"जर्मनीहून येतो."

काकूंनी मान डोलावली. जर्मनीबद्दल त्यांचं मत चांगलं असावं. मग डोळे मिटले. मी उजवा तळवा सगळा फिरलो, टाचेपासून बोटांपर्यंत. काकू गप्प. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुरू करा ना. काहून थांबले?"

मी केस खिशात टाकला आणि म्हटलं, "झालं, काकू."

कार्बनवर पाऊल घेतलं. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा काळाजांभळा डाग. त्या जागी रबराला खळगा देऊन मी अशी चप्पल केली, की आमच्या खोलीत येणारा जाणारा तिला हात लावून बघायचा. काकूंनी घातली, दोन फेऱ्या मारल्या, आणि म्हणाल्या, "लोण्यावर चालल्यासारखं वाटते." मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

सहा आठवड्यांनी काकू परत आल्या. तीच जागा फुटलेली.

"काकू, चप्पल घालता ना?"

"रोज. अगदी न चुकता."

नाना म्हणाले, "बरोबर आहे."

आता इथे मी काय करायला हवं होतं ते आज कोणीही सांगेल. पण मला माझ्या रबराचा राग आला. मी त्याच जोडाचा खळगा खोल केला. मग रबर जाड केलं. मग तळ होडीसारखा वळवला. एकेका जोडासाठी मी जेवण विसरलो. पहिला धरून तीन जोड झाले. प्रत्येक वेळी काकू यायच्या, म्हणायच्या, "घालते हो", आणि जखम आणखी आत गेलेली असायची. साहेब रोज विचारायचे, "मिस्त्री, काय झालं?" आणि मी रोज रबराला दोष द्यायचो.

चौथ्या जोडाच्या वेळी मी जुना जोड सहज उलटा केला. मी नेहमी बढाई मारायचो की चप्पल दाखवा, तुमच्या घराला जिना आहे का सांगतो. आणि काकूंच्या चपलेचा तळ मी एकदाही उलटून पाहिला नव्हता. टायरवरचे दाते जसेच्या तसे. पट्ट्याला घडीसुद्धा पडलेली नाही. ही चप्पल चाललीच नव्हती!

बाई खोटं बोलते? चिडलो. दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि थेट धरमपेठ गाठली. जेवणाची वेळ. व्हरांड्यात अठरा पोरांच्या चपलांचा ढीग, आणि त्यांच्या एका बाजूला, भिंतीशी, ओळीत, माझे तिन्ही जोड. स्वच्छ पुसलेले. नाना म्हणाले, "या मिस्त्री! बघा, किती नीट ठेवल्या आहेत."

मी "हो" म्हटलं, माझ्या चपला काढल्या, काकूंच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि दाराकडे एक पाऊल टाकलं.

आणि तिथेच खिळलो. स्वतःच्या उघड्या पायांकडे पाहत उभा राहिलो.

काकू खोटं बोलत नव्हत्या. बाहेर जाताना न चुकता घालत होत्या. पण त्या बाहेर जायच्याच कुठे? आठवड्यातून एकदा देवळात आणि एकदा आमच्या दवाखान्यात! बाकी सगळा जन्म ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून पंगतीपर्यंत. पोळी वाढायला, भात वाढायला, पुन्हा ओट्याशी, शहाबादी फरशीवर, अनवाणी. मी दाराशी उभा राहून अर्धा तास त्यांची पावलं मोजली. माझ्या हिशेबाने बाई रोज कामठीला जाऊन येत होत्या. बरं, कामठी सोडा. सीताबर्डी तरी नक्की.

आम्ही सगळ्यांनी बजावलं होतं, 'चप्पल घालूनच चाला.' साहेबांनी, सिस्टरने, मी. घरात चप्पल घालून चालायचं असतं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आम्ही कोणी घरात चप्पल घालत नव्हतो. साहेबांच्या तपासणीच्या खोलीवरसुद्धा पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. मुक्या पायांचे पेशंट ती पाटी वाचून आज्ञाधारकपणे अनवाणी आत जायचे, चप्पल घालण्याचा उपदेश ऐकायला.

पोरं जेवून गेल्यावर मी व्हरांड्यातून म्हटलं, "काकू, स्वयंपाकघरात चप्पल घाला."

आत भांडं आपटलं. "मिस्त्री, जीभ आवरा. अन्नापाशी चामडं?"

"अंगठा जाईल."

"जाऊ दे."

"पाय जाईल, काकू."

"एका पायावर रांधीन. पण लोकांनी पोरं माझ्या स्वयंपाकाच्या भरवशावर ठेवली आहेत. चप्पल घालून पोळी लाटायची म्हणता? त्यापेक्षा खानावळ बंद करीन. आणि खानावळ बंद झाली तर हे आणि मी खायचं काय? यांची पेन्शन?"

नाना म्हणाले, "बरोबर आहे." मग त्यांच्या लक्षात आलं आपण कशाला होकार दिला ते, आणि ते रडकुंडीला आले.

मी दवाखान्यात परतलो. साहेबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीवरून उठले, दारापाशी गेले, आणि ती पाटी स्वतःच्या हाताने उपटून काढली. मग म्हणाले, "अंगठा नाही राहत आता, मिस्त्री. हाडाला लागलं आहे. पाय बघ वाचतो का."

काकूंचा अंगठा त्या आठवड्यात गेला. तीन जोड रबरावर मी जे दिवस घालवले, त्यांत तो गेला. साहेब कधी बोलले नाहीत. मी आज इथे लिहितो आहे.

काकू खाटेवर होत्या तेव्हा मी रोज दुपारी जाऊन बसायचो. एक दिवस विचारलं, "काकू, चिडू नका. नुसतं जाणून घ्यायचं आहे. सोवळ्यात पायात काहीच चालत नाही?"

"खडावा चालतात. मामंजी घालत."

"म्हणजे पायात घालणं चालतं. चामडं चालत नाही."

काकूंनी डोळे बारीक केले. "वकिली करून राहिले तुम्ही."

"रबर चालतं?"

"रबराचं काय काम स्वयंपाकघरात?"

"कुकरच्या झाकणात रिंग कशाची आहे?"

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा वळून बघायला लागली. "ती... धुतलेली असते," काकू म्हणाल्या.

"ही पण धुऊ. रोज. उंबऱ्याबाहेर कधी जाणार नाही. पट्टे कापडाचे करू."

"सुती कापड विटाळते. रेशीम पाहिजे." आणि इथे मला कळलं की आपण जिंकत आलो. "यांचा जुना मुकटा आहे."

मुकटा म्हणजे पूजेला, सोवळ्यात नेसायचं रेशमी वस्त्र. खाटेच्या पायथ्याशी बसलेले नाना उभेच राहिले. "माझा मुकटा? लग्नातला?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "बरोबर आहे" म्हटलं नाही. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे," नाना म्हणाले.

"चिकटवता कशाने? सरस म्हणजे जनावराची हाडं."

"सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. रबराचंच."

"आणि शिवता कशाने?"

"नायलॉनच्या दोऱ्याने," मी म्हटलं. दोरा नायलॉनचा खरा, पण त्याच्या टोकाला जर्मनी!

एक अट माझीही होती. घरी उभ्या असताना त्यांचा भार कुठे पडतो ते पाहायला पाहिजे. आता अंगठा नाही, सगळा हिशेब बदललेला. कार्बनवरचं पाऊल ओट्याशीच घ्यायला हवं. म्हणजे मी त्या स्वयंपाकघरात. आमच्या जातीचा माणूस त्या घराच्या व्हरांड्यापुढे कधी गेला नव्हता. काकूंना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि नाना खिडकीबाहेर बघत होते.

काकू म्हणाल्या, "आंघोळ करून या. आणि कार्बन कोरे आणा, वापरलेले नकोत."

गेलो. काकू काठी टेकत ओट्याशी उभ्या राहिल्या, मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसलो, आणि पोळी लाटताना, पातेलं उचलताना, मोरीकडे वळताना, अशी अकरा पावलं घेतली. वर शेगडीवर वरण शिजत होतं. माझ्या सव्वीस वर्षांतलं सगळ्यात स्वच्छ माप ते. निघताना काकूंनी मला पाटावर बसवून पोळी वाढली. मी पाच खाल्ल्या. संपादक म्हणतील फेकतो, आठ खाल्ल्या.

आणि तो जोड मी केसाशिवाय शिवला. लोखंडी सुईने. तीन सुया मोडल्या, बोटं फुटली, पण केस लावला नाही. मी पेशंटशी लाख थापा मारल्या असतील. पण जी चप्पल घालून अठरा पोरांचं अन्न रांधलं जाणार, तिच्यात थाप शिवायला हात धजेना. कोणालाच कळणार नव्हतं. तरी नाही. त्यांचे पुढचे सगळे जोडही तसेच शिवले.

हिरव्या मुकट्याच्या पट्ट्यांची ती चप्पल पहिल्या दिवशी काकूंनी धुतली, हळदकुंकू लावलं, आणि मग उंबऱ्याच्या आत घातली. एका पोराच्या आईने म्हणे कुरकुर केली. काकूंनी तिला कुकरची रिंग काढून दाखवली.

पुढे बारा वर्षं काकू दरवर्षी चप्पल बदलायला यायच्या. नानांचा मुकटा आखडत आखडत उपरण्याएवढा राहिला. जुना जोड त्या टेबलावर ठेवायच्या, आणि मी पहिलं काम तो उलटा करण्याचं. तळ झिजून गुळगुळीत. दाते नाहीसे. पट्ट्यांत कणीक वाळलेली, टाचेला हळदीचा डाग. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. घट्टा तासावा लागायचा, पण जखम पुन्हा झाली नाही.

मग बाकीच्या पेशंटसाठीही मी घरातली चप्पल वेगळी करायला लागलो. कोणाला कापडी, कोणाला नुसत्या रबराची. आणि नव्या पेशंटला पहिला प्रश्न विचारायचो, "तुम्ही दिवसभर कुठे उभे राहता?"

माझ्या शेवटच्या वर्षात काकू आल्या. नेहमीप्रमाणे मी केस काढला, त्यांनी डोळे मिटले. मी तळवा फिरलो. त्या गप्प. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "मिस्त्री, एक विचारू?"

"विचारा ना."

"जर्मनीत डुकरं पुष्कळ असतील, नाही?"

माझ्या हातून केस पडला. "काकू... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माहेरी आमच्या घरासमोरच मोची बसत असे."

"मग काही बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही पाय तपासत होते. मी बोलले असते तर मला उठावं लागलं असतं." मग डोळे उघडून त्यांनी टेबलावरचा झिजलेला जोड हातात घेतला, पट्ट्याची शिवण अंगठ्याने दाबत शेवटापर्यंत पाहिली, आणि हळूच विचारलं, "पण ह्यात नाही ना लावला?"

"नाही, काकू."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "टाके वाकडे आहेत."

आणि नवा जोड पिशवीत टाकून, नऊ बोटांवर, तरातरा चालत्या झाल्या.